हात दुसरीचे

पडद्यावर जो हात निरांजन लावतो
तो दुर्पाचा नव्हे.
आम्हाला ठाऊक होतं, काजूच्या कारखान्यातल्या बायांना.
बाकी वेंगुर्ल्याने शिट्ट्या मारल्या.

दुर्पाची बोटं आमच्यासारखीच.
टरफलाचं तेल नखात शिरलं की नख मेलं,
लग्नातली हळदसुद्धा तिथे चढत नाही.
राखेत बोटं बुडवायची, बी ठेवायची, दांडा ओढायचा,
अख्खा गर निघाला तर पैसे, तुकडा पडला तर बोलणी.
माझ्या डाव्या हाताला बसायची ती, सतरा वर्षांची.
तिचे गर अख्खेच निघत.

बंदरावर शूटिंग आलं, आणि त्यांच्या नायिकेला होडी लागली.
कुणीतरी हवी होती, फक्त पाठमोरी चालायला,
डोक्यावर पाटी, मागे दीपगृह.
दुपारच्या सुट्टीत दुर्पा चालून आली,
पाच रुपये आणले, आम्हाला भजी दिली.
महिन्याभराने मोटार आली तिला न्यायला.
तिचा बापूस मोटारीला हात लावून बघत होता,
गुराला बघतात तसा.

पोस्टरवर द्रौपदी रेडकरची मेनका झाली.
आवाज पुण्याच्या एका बाईंचा,
हात दादरच्या कुणा मुलीचे.
पाठ मात्र तिची.
तीच जास्त दाखवली.

मग निर्मात्याने लग्न केलं तिच्याशी
आणि पाठ झाकली.
सगळे बायकोला बघतात याची त्याला आग.
सगळे बघतात म्हणून तर याने बघितली होती!
छापखाना विकून त्याने मोठा सिनेमा काढला:
राणी राज्य सोडते, संन्यासिनी होते, नदीकाठी मरते.
यात सगळं खरं हवं, म्हणाला.
आवाज तिचा. हात तिचे.

जत्रेच्या माळावर तंबू लागला होता.
राणी म्हणाली, मला आता काहीच नको,
आणि त्या 'नको'ला आमच्या बाजाराचा हेल आला.
मागून कोण ओरडला,
"संन्याशीण बांगडे मागता रे!"
तंबू फुटला हसून.
मी हसले का? हसले.
खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले,
शेजारच्या फिलूच्या पाठीवर थापा मारत.

पुढे ती दागिने उतरवते.
एकेक बांगडी, सावकाश, हात पडद्याएवढे,
काळी नखं कोयत्याच्या पात्याएवढी.
शेवटची बांगडी निघाली,
आणि आंगठा तर्जनीवर घासला तिने,
दोनदा.
नदी नव्हती बघत, देव नव्हता बघत,
राख शोधत होतं बोट.
माझं हसू तिथे अडकलं.
माशाच्या काट्यासारखं, ना वर ना खाली.

तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरवला,
मारामारीचा लावला.

नवरा गेला की सोडला, दोन्ही ऐकलं.
नंतरचे सिनेमे पाठीचेच होते पुन्हा,
आता पाठही दुसरीची, म्हणे.

परवा आली. बाजारपेठेत साड्यांच्या नव्या दुकानाची फीत कापायला.
कोपरापर्यंत पांढरे हातमोजे, मे महिन्यात.
मी घुसले गर्दीतून. "काय गो दुर्पा, वळाखलंस?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे.
ओठ हलले, पण आवाज आला नाही,
कुणी भरायचा राहिला होता बहुतेक.
"हसा मॅडम, इकडे, इकडे," फोटोवाला ओरडला,
आणि ती हसली.
अख्खं.
कुठे तुकडा पडला नाही.

मोज्याच्या आत आंगठा हलत होता.

परत गेले तर मुकादम दारातच उभा.
अर्धा दिवस कापला.