फाइल उघडत नाही

दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर माझं एडिटिंगचं टेबल,
खाली लीलो चेवडो तळतात, त्या वासात.
भोईटे आले तेव्हा पेनड्राइव्ह रुमालात होता,
देवळातून अंगारा आणावा तसा.
"रविवारी वर्षश्राद्ध आहे ने, ताई.
पाच मिनिटांचं काहीतरी बनवून द्या. बाबांचं."

प्रोग्रॅम म्हणाला, ही फाइल आत घेता येत नाही.
मी तिचं शेपूट बदललं,
टिंबापुढे दुसरी तीन अक्षरं लावली,
पत्रिका जुळेना म्हणून
मुलाची जन्मवेळ दहा मिनिटं मागे घेतात, तशी.
सॉफ्टवेअर काही भटजी नाही.

"सोसायटीच्या कॅमेऱ्यातलं आहे," ते म्हणाले,
"ती कंपनीच बंद पडली.
पण बाकी कुठे बाबा नाहीतच."

नाहीत म्हणजे?

त्यांनी कापडी पिशवी ओतली. चौदा कॅसेट.
मुंज, बारसं, कारेलीबागेतल्या घराचा स्लॅब,
पावागढची ट्रिप, आत्याचं दुसरं लग्न.
सगळे आहेत, आणि बाबा कॅमेऱ्यामागे.
"सुमन, डोळे उघडे. हलू नका रे.
जरा डावीकडे."
चौदा कॅसेटभर नुसता आवाज,
आणि एकदा, पावागढला, भिंगावर आलेला अंगठा :
सबंध पडदा नारिंगी.

रात्री तीन कन्व्हर्टर लावले.
पहिल्यानं हिरवी पाटी दिली.
दुसऱ्यानं माणूस दिला, पण पाटवड्यांसारखा कापलेला.
तिसरा पैसे मागत होता.
दिले.

कोपऱ्यात तारीख : एक जानेवारी दोन हजार,
यंत्राच्या घड्याळाचा सेल कधीच गेलेला.
सेकंदाला बाराच चित्रं,
त्यामुळे भोईटेंचे बाबा चालत नाहीत,
कुणीतरी त्यांना उचलून थोडं थोडं पुढे ठेवतं.
हातात दुधाची पिशवी.
गेट लावलं. चार पावलं. वळून कडी बघितली.
चार पावलं. पुन्हा कडी.
मग त्यांचं लक्ष वर गेलं, सरळ माझ्याकडे.
कॅमेरा तिरपा बसवलेला, अर्ध्या चौकटीत नुसती भिंत.
ते थांबले.
दूध या हातातून त्या हातात घेतलं
आणि मोकळ्या हातानं खूण केली :
जरा डावीकडे.

आवाज तिथे होताच माझ्याकडे, पावागढचा.
खाली सरकवून ठेवला.
हात आधी उठतो, शब्द मागून येतो, जेमतेम अर्धा सेकंद.
ताणून बघितला तर आवाज दुसऱ्याच कुणाचा झाला,
एखाद्या सर्दी झालेल्या भाडेकरूचा.
आकसला तर हसूच आलं.
परत होता तसा केला.
पहाटेचे चार वाजलेले, खालची कढई गार.

शनिवारी भोईटेंनी ते दोनदा पाहिलं.
बराच वेळ पेनड्राइव्हचं टोपण काढत-घालत राहिले.
"ही तारीख पुसता येईल?" म्हणाले,
"दोन हजार साली आम्ही आणंदला होतो.
लोक उगाच विचारतील."

पुसली.
आवाजाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.
"आणि कुठल्याही फोनवर उघडलं पाहिजे हं.
आत्या न्यूजर्सीला असते,
तिच्याकडे काहीच उघडत नाही."