टायब्रेकर

गोव्याचा गोलकीपर : पंचेचाळीस हजार,
वर खोली, खानावळ, रेल्वेचं तिकीट.
तालमीची वही माझ्याकडं, म्हणून ठाऊक.

गंगावेशीतला दिगंबर सणगर
तीन हंगाम चहा-पोह्यांवर.
सरावात पाचातल्या तीन पेनल्ट्या अडवतो.
त्याला वहीत रकाना नाही.

फायनल बरोबरीत सुटली.
कोच माझ्याकडं बघतो, मी अध्यक्षांकडं,
अध्यक्ष गॅलरीतल्या वर्गणीदार पेठेकडं.
"एवढं मोजून आणलाय,
आता बाहेर बसवून काय पूजा करायची?"

दिगू उठलेला, तसाच खाली बसला.
मग हातमोजे काढून
त्या गोव्याच्या पोराला नेऊन दिले.
त्याचे फाटले होते म्हणं.

काय झालं ते पेठेला विचारा.
मी रात्री वही उघडली :
हातमोजे, एक जोड, वापरलेले
आणि पुढं
पेन नुसतंच धरून बसलो.