दोनशे सत्तर हात

किल्ल्याच्या चढावर, चतुर्भुजाच्या देवळात
भिंतीवर एक शून्य आहे.
नखाएवढं, शेजारच्या आकड्यांहून लहान,
जणू कोरणाऱ्याला ते मोजणीत धरावं की नाही
हे शेवटपर्यंत ठरवता आलं नसावं.
लांबून माणसं येतात, मोबाइलचा उजेड पाडतात,
फोटो काढतात, उतरतात.
शून्याच्या आजूबाजूला काय लिहिलंय
ते सहसा कुणी विचारत नाही.

मी विचारलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी,
गाइड हरविलासला, एका चहाच्या बदल्यात.
फुलबागेसाठी जमीन दिली, तो म्हणाला,
लांबी दोनशे सत्तर हात, रुंदी एकशे सत्त्याऐंशी,
आणि माळ्यांनी देवाला रोज पन्नास हार द्यायचे.
कधीपर्यंत?
चंद्रसूर्य आहेत तोवर.
देणाऱ्याचं नाव आहे. त्याच्या बापाचं आहे.
माळ्यांतल्या मुखियांचीही आहेत.
आणि हार ओवणाऱ्या बायकांची?
हरविलास कप उपडा करून म्हणाला,
चाय खत्म, बाबूजी.

काल त्याच चढाखाली, किलागेटच्या वळणावर
नगर निगमची फीत घेऊन मी उभा होतो.
फुलांचे सात ठेले.
पर्यटकांना किल्ल्याचा दरवाजा नीट दिसत नाही, अशी तक्रार.
पलीकडे हॉटेलची भिंत बारा फूट पुढे आलेली,
तिच्यावर चुना वाळत होता.
ती यादीत नव्हती. मी यादीतलं मोजतो.

चौथा ठेला रामसखी कुशवाह हिचा.
दातात दोरा, मांडीवर झेंडू,
मान वर न करता म्हणाली,
फीता कसके पकड़ो बाबूजी,
ढीला छोड़ोगे तो हमारी ज़मीन बढ़ जाएगी.
बाकीच्या सहा जणी हसल्या. मीही हसलो.

सहा फूट बाय चार.
नाव, धंदा, ताब्यातली जागा, पैकी वैध.
शेवटच्या रकान्यात मी शून्य काढलं.
हात सरावलेला; गोल छान आला,
भिंतीवरच्यापेक्षा नीट.
तिनं कागदाकडे बोट केलं. ये क्या लिखा?
काही नाही, मी म्हणालो, मराठीतच,
आणि ते अगदी खरं होतं.

आम्ही पागनीस.
फौजेबरोबर उत्तरेत आलो, घोड्यांचा हिशेब लिहीत.
छावणी पडली, छावणीचं लष्कर झालं,
लष्कराचं शहर.
कुणाच्या शेतात पडली ते आमच्या दप्तरात नाही.
गवत किती लागलं ते आहे,
पेंढ्या न् पेंढ्या, तारीखवार, मोडीत.

रात्री जेवताना भाचा म्हणाला,
मामा, ही माणसं अशीच पसरतात.
वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली.
आमचं ताट जिथे मांडलं होतं
तिथपर्यंत कोण कसं पसरत आलं
हे सांगायला तोंड उघडलं, आणि घास घातला.
बायको म्हणाली, मीठ कमी आहे का?

एक गोष्ट राहिली.
निघताना मी एक हार घेतला होता, उगीच,
घरी देवाला रोजचा येतोच.
सुटे नव्हते.
रामसखी म्हणाली, कल दे देना.
चढाच्या पायथ्याशी स्कूटर सुरू होईना,
हार हँडलला लटकलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं,
आणि माझ्या डोक्यात तिचा तो एकच शब्द,
जो इथल्या बोलीत उद्यालाही चालतो
आणि होऊन गेलेल्यालाही.
उद्या त्या वळणावर कुणी नसेल.
राहिले वीस रुपये.
ते कुठल्या कलला द्यायचे
हे किका मारता मारता
मी मोजत राहिलो.