तराफा

परभणीच्या पेपरात शुक्रवारचं पान माझ्याकडे होतं.
चार कॉलम पिक्चर, खाली दोन कॉलम
मूळव्याध, बोअरवेल, हरवला आहे.
एसटीडीच्या काचेत उभा राहून मुंबईला फोन लावायचो,
मीटरचे लाल आकडे पळत सुटायचे
आणि पलीकडून कुणीतरी म्हणायचं, मॅडम शूटिंगला गेल्यात.
मग मॅडम काय बोलल्या असत्या ते मीच लिहायचो.
बऱ्या बोलायच्या त्या, माझ्या हातानं.

एकदा मात्र हीरो खराखुरा आला,
मानवतला, सोन्याच्या दुकानाची फीत कापायला.
मी विचारलं, मागच्या पिक्चरला घोडा मेला म्हणतात?
पांढऱ्या बुटातला त्याचा मॅनेजर मधे आला,
'असं काही झालेलंच नाही. चहा घ्या.'
चहा घेतला. त्याचं वाक्य छापलं,
आणि त्याच्याखाली घोड्याचं वय, मालकाचं गाव,
किती वाजता पडला, किती वाजता डॉक्टर आला.
बोचरे अण्णा प्रूफ बघत होते. म्हणाले,
विशेषण कुणीबी खोडतंय रे,
आकडा खोडायला जिवावर येतं.

सेलूच्या बाहेर बंद जिनिंग होती.
काबराशेठनं घेतली, आत काळे पडदे लावले,
फाटकावर स्टुडिओ अशी पाटी.
'तुम्हाला पिक्चरमधलं कळतं,' म्हणाले,
आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला.
पिक्चरमधलं कळत होतं. डिझेल शिकावं लागलं.
जनरेटर तासाला किती पितो,
एका रात्रीत कोर्टाचं पोलीस ठाणं करायला किती प्लाय,
मोर्चाच्या शंभर बाया किती वाजता आणायच्या
आणि त्यातल्या कुणाला तान्हं आहे.
एक मालिकावाले दुष्काळ शोधत आले,
त्या साली बांधाबांधावर हिरवं गच्च.
दोन एकर गवत कापून वर भुसा पसरला,
भेगा पाडायला कुदळी घेऊन चार माणसं.
बिलात लिहिलं : दुष्काळ, एक नग.

दिवे तापले की पत्र्याखालून
अजून जुना कापूस उतरतो, तंतू तंतू.
कॅमेरावाले विचारतात, बर्फाचं वेगळं बिल लावता का?

त्या दिव्यांपाशी उस्मान असायचा, तराफ्यावर.
छताला दोरानं टांगलेल्या फळ्या, खाली पाण्याचा थेंब नाही,
तरी त्याला तराफा का म्हणतात
हे मला माहीत नव्हतं, त्यालाही.
'उप्पर से खाली टकलां दिखते साब,' म्हणायचा,
'हीरो कौन, स्पॉटबॉय कौन, कुछ समजताच नै.'

मंगळवारी पडला.
सिव्हिलमध्ये आहे. कंबरेखाली त्याला काही कळत नाही.

आज माझ्याच पेपरातनं एक पोरगी आली, प्राची हनवते.
शुक्रवारचं पान आता नाही,
ती पाणीपुरवठाही करते, गुन्हेही, हेही.
बसायच्या आधीच विचारलं, उंची किती होती?
टेबलावर शेठचा फोन थरथरत फिरत होता.
आणि माझ्या तोंडातनं सफाईनं,
जणू वीस वर्षं तालीम चालली होती,
'असं काही... चहा घ्या.'

तिनं चहा घेतला नाही.
साय धरली त्याच्यावर, सुरकुतली.
वहीत तिनं एक ओळ लिहिली
आणि मला उलटी वाचता आली,
उलटं वाचायची सवय खिळ्यांच्या काळातली.
माझंच वाक्य होतं. खाली जागा सोडली होती तिनं.

ती गेल्यावर मी पायाकडे बघितलं.
चप्पलच होती. काळी, अंगठा शिवलेला.

फाटकाशी तिची स्कूटी धरत नव्हती, किका मारत होती.
मी गेलो. म्हणालो, बावीस फूट, चार इंच.
विम्याच्या फॉर्मसाठी मीच टेप लावला होता.
तेवढ्यात इंजिन लागलं, तिला ऐकू गेलं नाही बहुतेक.
कामून कुणास ठाऊक, मी मोठ्यानं ओरडलो,
वॉचमन बाहेर आला.
'बावीस फूट चार इंच!
आणि पट्टे सहा मागितले होते,
मंजूर दोन.
खाली सही माझी आहे.'

तिनं स्कूटी बंद केली.