काचेवरचा आकडा

शेवडे आर्ट स्टुडिओ, जेल रोड. शेवटचा खोका.
एकशे चौदा काचा, काचेमागे बारा रुपये,
फुटली तर आमच्या पगारातून.

हातिम ब्रशने धूळ झाडतो,
मी उजेडाच्या पेटीवर ठेवते.
उलटं इंदूर उजळतं:
टोप्या काळ्या, मिशा पांढऱ्या,
भर सकाळी आभाळ डांबरासारखं.

काच पंचेचाळीस. पाकिटावर शिसपेन्सिलीत
‘सट्टा बाजार. न्यूयॉर्कची तार आली तेव्हा.’
रुईचा सौदा म्हणे,
पण सगळ्या गर्दीत कापसाचं एक बोंड नाही.
असलाच कापूस तर कुणाकुणाच्या कानात,
अत्तराचा फाया.

वर गॅलरीत फळा.
फळ्याशी एक माणूस,
तोही खांद्यापर्यंतच.
पुढे हात नाही, धूर आहे.
खडू फिरत होता आणि
कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं.
खाली तीनशे माना ताठ,
श्वास धरून बसलेला बाजार
खडकासारखा स्वच्छ आलाय.
हललं ते फक्त लिहिणारं.

कडेला एक पोरगा, अनवाणी,
एक पाय सायकलच्या पायडलवर.

काच एकसष्ट. तोच पोरगा.
अंगात स्टुडिओचा कोट, बाह्या बोटं गिळणाऱ्या,
मागे रंगवलेलं तळं, दोन हंस.
‘गोवर्धन, मिलवाला. प्रती तीन. रोख.’

काच सत्तर. माणूसच नाही.
भिंतीशी मांडून ठेवलेलं
शिवणयंत्र, तबला (डग्गा नाही),
पितळी घंगाळ, चाकावरचा लाकडी घोडा.
‘लिलावाआधी. प्रत एक. पैसे येणे.’
नाव लिहिलेलं नाही.
घोड्यामागे एक सायकल टेकवलीय.
सायकली सगळ्या सारख्याच दिसतात,
म्हणून मी हातिमला काही बोलत नाही.

पुन्हा पंचेचाळीस लावते.
जितकी जवळ जाते
तितका धूर मोठा होतो,
आकडा होत नाही.

‘तीन है,’ हातिम म्हणतो, मान तिरकी करून.
‘आठ.’
‘तीन है, दीदी. आधा आठ कौन लिखता है?’
‘अरे, हात अजून पुरता फिरला नाहीये त्याचा!’

ब्रश खाली ठेवून तो तळहात पुढे करतो.
सराफ्यात एक प्लेट गराडू,
लिंबू जास्त, जीरावण वरून.
‘लगी?’
‘लगी.’

टाळी वाजली तशी पेटीवरची काच
किंचित थरथरली,
आणि आम्ही दोघांनी एकदमच
तिच्यावर हात ठेवला.

निकाल कुणाकडून आणायचा
ते त्याने विचारलं नाही,
मीही नाही.

काच शेहेचाळीस.