वीस मिनिटं पुढे

ओतिया फोन घेऊन आला तेव्हा
त्याच्या भुवयांवर अजून पीठ होतं.
कुताइसीच्या बाजारामागे माझी टपरी:
एक खुर्ची, एक भिंग,
आणि वरच्या शिंपिणीकडून ओढून घेतलेली वीज.
"बहिणीच्या कॉम्प्युटरशी बोलत नाही," तो म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.

लॅपटॉप त्याने टॉवेलात गुंडाळून आणला होता,
तोनीतून काढलेली गरम शोती बांधावी तसा.

रात्री तो भाजतो, दिवसा गुलनाझी विकते.
कुणाला किती पाव, कुणाची उधारी किती,
तो फोनवर लिहितो, ती पडद्यावर वाचते.
वर्षानुवर्षं एवढ्यावर दुकान चाललं.
गेले सोळा दिवस दोघं
पिठाच्या पोत्यांवर खडूने लिहितायत,
आणि पोती तर रिकामी होतात, निघून जातात.

आधी वायर बदलली.
त्याची वायर नुसती पोसणारी निघाली,
वीज द्यायची, अक्षर न्यायची नाही.
अशी घरं मी पाहिली आहेत.
ताट वेळेवर येतं.

मग दातकोरणं घेऊन
फोनचं तोंड साफ केलं.
निघालं काय, तर पीठ,
गच्च, पिवळट, उष्णतेने भाजलेलं,
तांदळाच्या दाण्याएवढं.
ओतियाने ते तळहातावर घेतलं, हुंगलं.
"मार्चमधलं," म्हणाला, "तेव्हा गिरणी बदलली होती."
खोटं असेल. पण मला ते पटलं.

आता फोन जागा झाला, विचारू लागला:
या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा?
ओतियाने अंगठा टेकवला. फोनने ओळखला नाही.
तीस वर्षं भट्टीत हात घालून
त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या आहेत.
आकडे दाबून कुलूप उघडलं,
प्रश्न तिथेच उभा.
"हा गुलनाझीचा आहे," तो म्हणाला,
जणू हेच उत्तर.
"म्हणजे हो की नाही?"
बाहेर कुणीतरी बोरांची पाटी उतरवत होतं,
तो ती पूर्ण उतरेपर्यंत बघत राहिला.
"हो लिही. हिशेबापुरतं."

तरी जमेना.
गोल बाण फिरतोय, फिरतोय,
शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा.
बंद केलं, चालू केलं.
दोन्ही एकदम बंद केली, एकेक करून चालू केली.
मी हात टेकले, चहा मागवला.
आणि कप उचलताना भिंतीवर नजर गेली:
चार वाजून दहा.
लॅपटॉपवर चार दहा.
फोनवर साडेचार.

"हे कुणी केलं?"
"मीच."
"का?"
"एकदा वीस मिनिटं उशीर झाला होता."
एवढंच. पुढे काही सांगितलं नाही,
कपातली साखर न ढवळता चहा प्यायला.

मी समजावलं. दोन यंत्रं
वेगवेगळ्या वेळेत उभी असली की
एकमेकांची ओळख खरी मानत नाहीत,
चोर समजतात.
घड्याळ खरं केलं.
तत्क्षणी बाण थांबला, आणि सोळा दिवसांची नावं
पडद्यावर धाडधाड उतरली:
लामारा सहा, शाळा चाळीस,
कोपऱ्यावरचा पांगळा वाख्तांग दोन, पैसे घ्यायचे नाहीत.
शेवटची ओळ उधारीची नव्हती.
ती मी वाचली. इथे लिहिणार नाही.

ओतियाने फोन हातात घेतला,
सेटिंगमध्ये गेला,
आणि माझ्या डोळ्यांदेखत
घड्याळ पुन्हा वीस मिनिटं पुढे केलं.
"अहो, पुन्हा बंद पडेल!"
"पडू दे," म्हणाला. "रोज पहाटे, पाव काढून झाला की
पाच मिनिटं खऱ्या वेळेत येईन.
तिच्याकडे सगळं जाईल.
मग परत माझ्या वेळेत."

पाच लारी ठेवले, वर एक शोती.
मधोमध मोडली तर आत अजून वाफ होती.

परवा गुलनाझी येऊन गेली. लॅपटॉप ठीक चालतोय म्हणाली.
मग जरा थांबून,
त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत,
हे बरोबर आहे ना, असं विचारलं.