नाकासमोर

थंडर बेला एप्रिलमध्ये बर्फ उतरतो
आणि रस्त्याची हाडं दिसायला लागतात.
त्यातल्याच एका खड्ड्यात माझं पुढचं चाक गेलं,
दातावर दात आपटले,
ट्रेमधलं टपाल पायाशी सांडलं.
तेव्हापासून गाडी उजवीकडे ओढते,
कुत्रं ओळखीच्या खांबाकडे ओढतं तशी.

रोजच्या एकशे बारा पेट्या.
खेड्यांतून टपाल वाटणारे आम्ही
उजव्या सीटवर बसतो, खिडकीतून हात पोचावा म्हणून,
डावा हात लांबवून स्टिअरिंगवर, डावा पाय ब्रेकवर.
खांदा दुखू लागला.
खांद्यासाठी तीनदा डॉक्टरकडे गेले,
गाडीसाठी एकदाही नाही.

पहिलं दुकान काचेचं. कॉफी फुकट, टीव्हीवर हॉकी.
ब्रेडी नावाच्या पोराने
गाडीला हात लावायच्या आधीच यादी छापली:
चार शॉक, दोन आर्म, आणि आयुष्यभराचं अलाइनमेंट.
कुणाच्या आयुष्यभराचं, मी विचारलं.
तो हसला नाही. सही कुठे करायची ते दाखवलं.

दुसरं स्वस्त. वीस मिनिटांत किल्ली हातात.
स्टिअरिंग ताठ, पासपोर्टच्या फोटोतल्या माणसासारखं,
गाडी मात्र उजवीकडेच.
आकड्यांचा कागद मागितला, तर म्हणाले शाई संपलीये.
शाई संपलेल्या दुकानात पुन्हा जाऊ नये.
टपालात एकवीस वर्षं काढून
हे मला उशिराच कळलं.

तिसरं एकाहत्तर नंबरच्या सिल्लानपाबाईंनी सांगितलं.
त्यांना फक्त बियाण्यांचे कॅटलॉग येतात,
म्हणून बोलायला वेळ असतो.
"बंद बेकरीच्या मागे. पाटी शोधू नकोस, ती पडलीये."

ऑर्व्हो नीमी. आधी काही बोललाच नाही.
गुडघ्यावर बसून टायरवरून तळवा फिरवला,
आतून बाहेर, मग बाहेरून आत,
रंधा मारलेल्या फळीवर कूस शोधतात तसा.
हवा मोजली.
मग मागे ट्रेच्या गर्दीत अंग चोरून बसला:
"चालव. रोज बसतेस तशीच बसून."
परत आल्यावर चाकामागचा सांधा धरून हलवला. खुळखुळ.
"हा बदलल्याशिवाय अलाइनमेंट म्हणजे
हलत्या दातात चांदी भरणं.
उद्या ये. आणि टपाल उतरवू नकोस."
का?
"रिकामी चालवतेस का कधी?"

हे कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गाडीसकट वर उचललं.
छताच्या ट्यूबलाइटशेजारी मी,
मांडीवर लोकांची बिलं, एक लग्नपत्रिका,
आणि खाली त्याची भाची टारिन आकडे वाचतेय,
अंश, अंशाचे साठावे भाग.
एवढ्याशा तिरकेपणाने
माणसाचा खांदा जातो.

कागद मिळाला. आधीचे आकडे लाल, नंतरचे हिरवे,
एक मात्र लालच. त्याभोवती पेन्सिलीचा गोल.
"बोल्ट गंजलाय. जोर लावला तर तुटेल.
पावसाळी बुटांसारखं आहे, चालेल अजून वर्षभर.
खोटं हिरवं मी करत नाही."
पैसे मोजून घेताना पुढे म्हणाला,
"आणि रस्ताच मुळात कडेला कललेला असतो,
पाणी वाहून जावं म्हणून.
तेवढी ओढ राहणार. तिचं बिल मी लावत नाही."

सरोवराकाठच्या लांब पट्ट्यावर मी हात सोडला.
एक, दोन, तीन.
नाकासमोर चालली, बाई.
सात म्हणताना कडेची खडी कुरकुरली
आणि मी स्टिअरिंगला एक बोट लावलं. एकच.

एकाहत्तर नंबरला आज काही नव्हतं.
तरी थांबले,
कागदाची घडी घालून तीच पेटीत टाकली,
पेन्सिलीचा गोल वर ठेवून.